सात अडतीस आणि वीस सेकंद

छोटी: म्हणजे एवढं जग पडलंय, आणि त्या दगडाची सावली नेमकी माझ्याच गच्चीवरून जाणार. मी काय आज जन्मले?

ताई: मी नाही सांगितलं दगडाला, इथून जा म्हणून.

छोटी: तीन वर्षं फोन नाही, चिठ्ठी नाही. आणि आज दारात उभी, ती पण तोफ घेऊन.

ताई: दुर्बीण आहे ती.

छोटी: समोरच्या बाईनं विचारलं मला, गिझर बदलताय का म्हणून.

भाऊजी: अगं, आधी त्यांना आत तर येऊ दे. ताई, द्या ती पिशवी इकडे. अरे बाप रे, काय भरलंय काय हिच्यात?

ताई: बॅटरी. सांभाळून, भाऊजी. उभीच ठेवा.

छोटी: एक मिनिट. तुम्हाला माहीत होतं ही येणार?

भाऊजी: मला? थोडंसं.

छोटी: थोडंसं म्हणजे किती?

भाऊजी: परवा दुकानात फोन आला होता. ताई म्हणाल्या, छोटीला सांगू नका, ती कुलूप लावून निघून जाईल.

छोटी: गेलेच असते.

भाऊजी: म्हणून तर नाही सांगितलं.

ताई: छोटे, मला फक्त गच्ची हवीय. साडेसहा ते आठ. तुझ्याकडे पाणीसुद्धा मागणार नाही.

छोटी: हो का? आणि चहा झालाय तो कोणी प्यायचा? बस तिथं. त्या कोटांवर नको, त्यांना इस्त्री झालीय. उद्या सकाळी नर्सबाई न्यायला येणारेत, बावीस नग आहेत. इकडे बस.

ताई: नकाशा कुठं पसरू?

छोटी: आता नकाशा पण आहे.

ताई: तुझं कापायचं टेबल मोठं आहे. पाच मिनिटं दे.

छोटी: कात्री सरकव. खडू पाडू नकोस. हं, पसर. कसल्या या तीन रेघा?

ताई: एवढा हा पट्टा, साडेबारा किलोमीटर रुंद. ही वरची कड, ही खालची कड, आणि ही मधली रेघ. लघुग्रह आहे ना, तो आज संध्याकाळी एका ताऱ्याच्या आड येणार. ताऱ्याच्या उजेडात त्याची सावली पडते पृथ्वीवर. दगड जेवढा रुंद, तेवढीच सावली रुंद. ती अशी इकडून येते, शहरावरून सरपटत जाते, अशी निघून जाते. या पट्ट्यात जो कोणी उभा असेल त्याला तारा विझलेला दिसणार. पट्ट्याबाहेर असलात तर तारा आपला चालू. काही झालंच नाही.

भाऊजी: कितीला?

ताई: सात अडतीस आणि वीस सेकंद.

भाऊजी: वा. वीस सेकंद म्हणालात, बरं वाटलं. आमच्या घड्याळाच्या दुकानात येणारा माणूस म्हणतो, साडेसातच्या आसपास.

छोटी: आणि विझतो किती वेळ?

ताई: चार सेकंद. साधारण.

छोटी: चार सेकंद? तीन मजले तोफ चढवायची, ती चार सेकंदांसाठी? मला सुई ओवायला जास्त वेळ लागतो.

ताई: तुला दोन लागतात. मी बघितलंय.

छोटी: मस्का नको लावू. हात काढ नकाशावरून, माझं घर कुठंय ते बघू दे.

ताई: आहे, आहे पट्ट्यात. कप नीट धर, सांडशील.

छोटी: हात काढ ना पण.

ताई: चार वाजले का? टोले पडले वाटतं.

भाऊजी: ते नाही. ते जिन्याखालचं, दुरुस्तीला आलंय. ते चार वाजवतं तेव्हा समजायचं सव्वातीन झाले.

ताई: आणि हे आता वाजलं ते?

भाऊजी: त्याचा फक्त टोला दुरुस्त केलाय. काटे अजून बसवायचेत.

छोटी: एकतीस घड्याळं आहेत घरात. माझी सासू शेवटपर्यंत शेजारच्यांना वेळ विचारायची.

ताई: भाऊजी, बरी आठवण झाली. माझं मनगटावरचं सकाळपासून बंद आहे. सेल गेला असणार.

भाऊजी: इकडे द्या. अहो, हे मी तुम्हाला रिटायर झालात तेव्हा दिलेलं. अजून वापरताय?

ताई: चांगलं चालतं म्हणून वापरते.

भाऊजी: आत्ता घालतो सेल. सेकंदाला सेकंद मिळवून देतो.

छोटी: एवढा मोबाइल आहे तुझ्याकडे, घड्याळ कशाला हवंय?

ताई: मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करायचा असतो. तो पालथा घालून वर कापड टाकते, उजेड डोळ्यात गेला की अर्धा तास मंद तारा दिसत नाही. ही डबी बघ. दर सेकंदाला पिप करते, आणि मिनिट बदललं की लांब पीऽप. मी दुर्बिणीला डोळा लावायचा, तारा विझला की म्हणायचं 'गेला', परत दिसला की 'आला'. नंतर रेकॉर्डिंग ऐकून पिप मोजायचे. डबी सेकंद सांगते. मिनिट कुठलं चाललंय ते मनगटावर बघायचं.

छोटी: आणि एवढ्यासाठी तू अठ्ठावीस वर्षं बसचं टाइमटेबल केलंस.

ताई: तेच कामाला येतं. बस काय, दगड काय. कुठून निघाला, किती वेगानं, कितीला कुठं पोचणार.

छोटी: बस चुकू शकते.

ताई: कुणाची?

छोटी: नाही, आपलं म्हटलं. टाइमटेबल करणाऱ्या बाईचीपण चुकू शकते. भाचीच्या लग्नाला येताना.

भाऊजी: अगं, चहा गार होतोय.

छोटी: होऊ दे. मी भांडत नाहीये. मी फक्त म्हणतेय.

ताई: मला या वेळी भांडायला वेळ नाही, छोटे. आज मला फार काळजी लागलीय.

छोटी: का? काय झालं?

ताई: ही रेघ आहे ना, ही आमच्या खगोलमंडळाच्या पत्रकातली नाही. पत्रक महिन्यापूर्वी निघालं. त्यात पट्टा नऊ किलोमीटर वर होता, उत्तरेला. गेल्या आठवड्यात त्या दगडाची नवीन मापं आली, ती घेऊन मी परत सगळं गणित केलं. दगड आकाशात केसाएवढा सरकलेला निघाला. वर केसाएवढा, म्हणजे इथं जमिनीवर नऊ किलोमीटर.

छोटी: बरं, मग?

ताई: मग मी सगळ्यांना कळवलं. अकरा जण आहेत. म्हटलं, पत्रक विसरा, माझ्या रेघेवर या. औषधवाला दुकान बंद करून निघालाय. दातांची डॉक्टरीण दोन पेशंट उद्यावर टाकून आलीय. पोस्टमन सासुरवाडीला निघाला होता, तो बायकोला एकटीला पाठवून मागं राहिलाय.

छोटी: त्याला बरंच झालं असेल.

ताई: चेष्टा नाही ग. मी चुकले असेन तर खरी सावली नऊ किलोमीटर वरून जाईल, आणि ही माणसं माझ्या शब्दावर भलत्याच ठिकाणी बसलेली असतील. सगळीच्या सगळी. बारावा हेडमास्तर तेवढा आला नाही. तो म्हणाला, मी छापील कागदावर विश्वास ठेवतो.

छोटी: परत कधी येणार हा दगड त्या ताऱ्यापुढं?

ताई: आपल्या हयातीत नाही.

भाऊजी: ताई, तुम्ही आजवर असे किती बघितलेत?

ताई: सत्तावीस वेळा गेले.

भाऊजी: दिसले किती?

ताई: एक पण नाही.

छोटी: काय सांगतेस?

ताई: पंधरा वेळा ढग. नऊ वेळा सावली दुसरीकडूनच गेली. एकदा झाड आलं मध्ये, दिवसा जाऊन बघितलं होतं तेव्हा एवढं उंच वाटलं नव्हतं. एकदा कुत्रं पायात आलं.

छोटी: सव्वीस झाले. सत्ताविसावा?

ताई: झाकण काढायला विसरले.

छोटी: दुर्बिणीचं?

ताई: हसू नकोस.

छोटी: मी कुठं हसतेय. अहो, ऐकलंत का? झाकण. अहो, मला धरा, माझ्या टाचण्या सांडतील.

भाऊजी: पोटात दुखेल, आवर. ताई, तुम्ही पण हसताय.

ताई: हिला बघून हसतेय. लहानपणी पण अशीच, एकदा सुरू झाली की कपाटाला धरून उभी राहायची.

छोटी: बरं, बरं. पुसते डोळे. आता हे सांग, अकरा जण अकरा ठिकाणी का? सगळ्यांनी एका ठिकाणी बसून डबा खाल्ला असता.

ताई: कारण प्रत्येकाला सावली वेगळी मिळते. जो मधल्या रेघेवर आहे त्याच्याकडून दगडाचं पोट जातं, तारा जास्त वेळ विझतो. जो कडेला आहे त्याच्याकडून टोक जातं, जेमतेम सेकंदभर. सगळ्यांचे सेकंद एकाखाली एक मांडले की—

छोटी: की त्याचा आकार निघतो. मापंच घेताय तुम्ही.

ताई: म्हणजे?

छोटी: छाती, कंबर, पोट. अकरा ठिकाणी टेप लावताय. गिऱ्हाईक समोर नाही, पळत पळत चाललंय, आणि तुम्ही त्याचा घेर काढताय. मला आधीच असं सांगितलं असतंस तर कळलं असतं. तू आपली पिधान, लंबन, काय काय बोलायचीस.

ताई: मंडळात पंधरा वर्षं मी नव्या लोकांना हे शिकवतेय. एकाला इतकं नीट कळलं नाही.

छोटी: बघ, दहावी नापास आहे मी.

भाऊजी: घ्या ताई तुमचं घड्याळ. सेकंद अगदी बरोबर लावलाय. डबीशी ताडून बघा.

ताई: पिप... पिप... वा. काटा आणि पिप एकदम. भाऊजी, तुमचे हात सोन्याचे आहेत.

छोटी: माझ्या गच्चीवर दोऱ्या बांधल्यात कपड्यांच्या. सोडते. आणि तोफेचं ते बूड द्या माझ्याकडे, तुम्ही दोघं कमरेत धराल. माझ्याकडे ती दोन डोळ्यांची दुर्बीण आहे, मुलीनं पाठवलीय पक्षी बघायला. तिच्यातून दिसेल का तारा?

ताई: दिसेल. पण तू कशाला? तुझे कोट राहिलेत ना?

छोटी: बटणंच राहिलीत. चल.

(गच्ची. अंधार पडलाय, आकाशात ढगाचा ठिपका नाही. पालथ्या मोबाइलवर कोटाचं पांढरं कापड. डबी पिप पिप करते आहे.)

ताई: हेडमास्तर राहतो त्या बाजूलाही ढग नाही. बरंय, नाहीतर उद्या म्हणाला असता ढग होता.

छोटी: मला सापडलाय. तीन तारे, तिकोन, खालच्या टोकाचा तो आपला. बरोबर?

ताई: बरोबर. इतक्या लवकर?

छोटी: जरा पिवळट आहे. दोन धुण्यांनंतरच्या सुताच्या रंगाचा.

भाऊजी: मी काय करू?

ताई: तुम्ही बोलू नका. आणि हलू नका, गच्ची हलते. सात सदतीस. रेकॉर्डिंग चालू केलंय. छोटे, आता अडतीस वाजून वीसपर्यंत नजर हटवायची नाही. डोळ्याची उघडझाप पण बेतानं.

छोटी: मला आत्ताच खाज सुटली नाकाला.

ताई: सहन कर. ही लांब पीप. अडतीस लागले. पाच. दहा. पंधरा. वीस.

छोटी: आहे अजून.

ताई: पंचवीस. थोडं मागंपुढं होतं. तीस.

छोटी: आहे. लखलख आहे.

ताई: चाळीस. पन्नास. एकोणचाळीस लागले.

छोटी: ताई?

ताई: बघत राहा. अजून बघत राहा.

छोटी: बघतेय. काही नाही ग. जसाच्या तसा आहे.

ताई: चाळीस झाले.

छोटी: असेल अजून उशीर. बस येत नाही का उशिरा?

ताई: दगडाला सिग्नल लागत नाही, छोटे. दोन मिनिटं नाही चुकत. चुकलं तर गणितच चुकतं. वरून गेली सावली. हेडमास्तरच्या डोक्यावरून गेली. अकरा जण. बाई, मी अकरा जणांना उठवून भलतीकडे बसवलं.

छोटी: अगं, बस खाली. उठू नकोस अशी, पाय लागला तोफेला.

ताई: लागू दे. काय बघायचंय आता. औषधवाल्याला काय सांगू मी? तो माझ्यासाठी दुकान बंद करून गेला. माझं नेहमी असंच होतं. त्या लग्नाच्या वेळेला तेच केलं. चारशे किलोमीटर गेले, एका दगडाच्या मागं. म्हटलं, रात्री बघते आणि सकाळच्या गाडीनं लग्नाला पोचते, सगळं टाइमटेबलात बसत होतं. तिथं ढग. आणि येताना बस चुकली. स्टँडवर बसून रडले मी. तिथं दगड नाही, इथं लग्न नाही.

छोटी: रडलीस? मला हे कधी नाही सांगितलंस.

ताई: तू फोनवर म्हणालीस, आता येऊ नकोस. मग काय सांगू?

छोटी: रागात म्हणाले ग मी. तू यायचंस तरी. मला फार लागलं होतं, ताई. फोटोवाल्यानं तुझी खुर्ची उचलली, तर मुलगी म्हणाली, राहू दे, मावशी येतेय. फोटोत रिकामी खुर्ची आहे अजून. आल्यागेल्याला वाटतं कोणी वारलंय.

ताई: चुकलं माझं. त्याच दिवशी म्हणायला हवं होतं. चुकलं माझं, छोटे.

छोटी: बरं. पुस नाक. त्या कापडाला नको, ते नर्सबाईचं आहे.

भाऊजी: मी बोलू का आता?

छोटी: बोला, तुमच्याच तोंडाची कमी होती.

भाऊजी: मघाशी ताई म्हणाल्या बोलू नका, म्हणून मी गप्प. सहज विचारतो. ताई आत्ता म्हणाल्या ना, चाळीस झाले म्हणून. कशावर चाळीस झाले?

ताई: घड्याळावर. आता एकेचाळीस झाले की. तुम्हीच लावून दिलंत.

भाऊजी: हो. सेकंदाला सेकंद लावलं. मिनिटं मात्र मी नेहमीप्रमाणे लावली.

ताई: नेहमीप्रमाणे म्हणजे?

भाऊजी: गिऱ्हाइकाला घड्याळ परत देताना चार मिनिटं पुढं लावून द्यायचं. वडिलांपासून पद्धत आहे आमच्या दुकानात. माणूस सगळीकडे वेळेवर पोचतो, आणि नाव दुकानाचं होतं.

ताई: चार मिनिटं पुढं.

भाऊजी: मोजून चार.

ताई: अहो, घड्याळजीनं लावलेलं घड्याळ कोण तपासतं? म्हणजे आत्ता सदतीस. आत्ता सात सदतीस झालेत. आणि सेकंद... पिप कितवा? कितवा पिप चाललाय हा?

छोटी: अगं, घड्याळात बघ. सेकंद बरोबर आहेत ना त्यातले.

ताई: पस्तीस. म्हणजे पाऊण मिनिट आहे. पाऊण मिनिट आहे, छोटे, आणि मी लाथ मारली दुर्बिणीला. तारा कुठं गेला? काहीच दिसत नाही. काळं दिसतंय नुसतं.

छोटी: सरक.

ताई: अगं, तुला नाही यायचं ते, त्याचे दोन स्क्रू—

छोटी: सरक म्हटलं ना. मोठा स्क्रू उजवीकडे, बारका वर-खाली. गिझरपेक्षा सोपं आहे. ही बारकी नळी कशाला, नेम धरायला?

ताई: हो, हो. तिकोन. खालचं टोक.

छोटी: गप्प बस. यांना नाही, तुला सांगतेय. श्वास पण घेऊ नकोस. सुई ओवताना कोणी मला हात लावलेला चालत नाही. हा तिकोन. हे टोक. आला. घे, डोळा लाव. कशालाही हात लावू नकोस, नुसता डोळा लाव.

ताई: आहे. मधोमध आहे. छोटे, तू—

भाऊजी: लांब पीप झाली. अडतीस लागले. खरे अडतीस.

छोटी: माझी दुर्बीण द्या. गळ्यातच आहे. अहो, ही दोरी अडकलीय. हं. तिकोन, तिकोन, तिकोन. आहे.

भाऊजी: दहा.

ताई: झाकण काढलंय ना मी?

छोटी: तारा दिसतोय ना तुला?

ताई: हो.

छोटी: मग काढलंय.

भाऊजी: पंधरा. सोळा. सतरा. अठरा.

ताई: गेला.

छोटी: गेला. अगं बाई, गेला.

भाऊजी: काय, काय झालं?

ताई: आला.

छोटी: आला.

भाऊजी: मला कोणी सांगेल का?

छोटी: विझला हो. असा, कोणीतरी बटण बंद केल्यासारखा. बाजूचे दोघं तसेच, हा एकटा गायब. ताई, तू बघितलंस ना? बघितलंस ना तू?

ताई: बघितलं.

छोटी: अठ्ठाविसाव्या वेळेला बघितलंस.

ताई: बघितलं ग. दोन सेकंद लवकर आला. फक्त दोन सेकंद. रेघ बरोबर होती माझी.

छोटी: ये इकडे. अगं, किती वाळलीस तू, बरगड्या लागतात. उद्या माप घेते तुझं, हा झगा पोत्यासारखा झालाय.

भाऊजी: मला तारा काही दिसला नाही. मला दोघींची तोंडं दिसली. दोन्ही उघडी.

छोटी: तुम्ही तर बोलूच नका. तुमच्या वडिलांच्या पद्धतीनं माझ्या बहिणीचा जीव जात होता.

भाऊजी: अहो, पण उशीर तर नाही झाला ना? चार मिनिटं मागं लावलं असतं तर काय झालं असतं?

ताई: हा मुद्दा आहे. हसू नका, खरंच आहे.

छोटी: ताई, तुझी ती पिपपिप अजून चालू आहे. आणि मोबाइल?

ताई: तोही चालू आहे. थांब, बंद करते.

छोटी: म्हणजे मघापासूनचं सगळं रेकॉर्ड झालंय त्याच्यात?

ताई: सगळं.

छोटी: तुझं रडणं, खुर्ची, नर्सबाईचं कापड?

ताई: हो. आणि मंडळाला पूर्ण पाठवावं लागतं. मध्ये कापलं की पिप तुटतात, मग कोणी विश्वास ठेवत नाही.

छोटी: म्हणजे 'चुकलं माझं, छोटे' हे त्या अकरा जणांना ऐकू जाणार.

ताई: जाऊ दे. हेडमास्तरलाही जाऊ दे.

भाऊजी: वाजला तुमचा फोन.

ताई: हॅलो. हो. हो, आम्हालाही दिसला. काय सांगता? चार पॉइंट दोन? नक्की मोजलंत? नाही हो, आभार कसले, उलट मीच... बरं. नाही, रडत नाही, सर्दी आहे. औषधवाला होता. छोटे, खडू दे ग तुझा.

छोटी: खाली चल, टेबलावर खाकी कागद अंथरलाय. तू सांग, मी रेघा मारते. एका सेकंदाला एक इंच घेऊ?

ताई: दोन घे. बारीक फरक दिसायला हवा.

भाऊजी: परत फोन.

ताई: डॉक्टरीणबाई, बोला. दोन पॉइंट नऊ. छान. पोस्टमन काय म्हणाला? पॉइंट नऊ? अगदी कडेवर होता तो, मिळाला म्हणजे नशीब त्याचं. लिही छोटे, पॉइंट नऊ, सगळ्यात खाली.

छोटी: लिहिलं. आणि हेडमास्तर?

ताई: हेडमास्तर म्हणतोय, ढग होता.

छोटी: पुरे, पुरे, मला परत कपाट धरावं लागेल. आपलं किती? मोज.

ताई: मोजलं. रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं. तीन पॉइंट चार.

छोटी: तीन पॉइंट चार. ही आपली रेघ. बघ आता. पोटाला फुगीर, डावा खांदा उतरलेला, मागं जरा कुबड. माझं एक गिऱ्हाईक आहे असं, त्याला काहीही शिवा, मागून वर चढतं. ताई, एक सांग.

ताई: काय?

छोटी: सगळ्यात लांब रेघ औषधवाल्याची आहे. चार पॉइंट दोन. तो कुठं उभा होता?

ताई: पाण्याच्या टाकीपाशी.

छोटी: टाकी इथून पावणेचार किलोमीटर लांब आहे. मला वाटलं, मधली रेघ माझ्या गच्चीवरून जातेय.

ताई: असं मी कधी म्हटलं? पट्ट्यात आहे एवढंच म्हटलं.

छोटी: म्हणून नकाशावरचा हात काढत नव्हतीस. दोन वेळा सांगितलं तरी.

ताई: चहा सांडला असता.

छोटी: मधली रेघ टाकीवरून जाते हे तुला आधीच माहीत होतं.

ताई: गेल्या आठवड्यापासून.

छोटी: टाकीपाशी मोकळी जागा आहे, झाड नाही, तीन मजले चढायला नकोत. सत्तावीस वेळा हात हलवत आलीस. आणि आपली सगळ्यात चांगली जागा औषधवाल्याला दिलीस?

ताई: त्याला वाटलं मी पाय दुखतात म्हणून दिली.

छोटी: पाऊण सेकंद सोडलास तू.

ताई: पॉइंट आठ.

छोटी: माझ्या गच्चीसाठी.

भाऊजी: ताई, तुमचं घड्याळ द्या इकडे. मिनिटं नीट मिळवून देतो, माझ्यामुळे फार घोळ झाला आज.

छोटी: राहू द्या तसंच. इथं यायला चार मिनिटं लवकर निघेल.